परसातल्या झाडांचे रोग: कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागीलदारी दोन-चार माड, एखादं हापूसचं कलम, एक जुनाट रायवळ (गावठी आंबा), फणस, गडग्याला म्हणजे दगडी कुंपणाला लागून काजू आणि मोरीच्या पाण्यावर केळी-पपई. थोड्याफार फरकाने कोकणातलं परसू असंच असतं. बागायतदारांसाठी फवारणीची वेळापत्रकं छापून येतात, पण ती परसाला जशीच्या तशी लावता येत नाहीत. इथे विहीर दहा पावलांवर असते, झाडाखाली कोंबड्या चरतात आणि मुलं पाडलेली कैरी न धुताच मीठ लावून खातात. म्हणून खालच्या उत्तरांत कोयता, करवत, मोरचूद-चुना आधी येतात आणि कीटकनाशकाची बाटली सगळ्यात शेवटी.

झाड आजारी दिसतंय, पण नेमकं काय झालंय ते कसं ओळखायचं?

दुकानात जाण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारा. नुकसान झाडावर कुठे आहे ते बघा. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील आणि शेंड्याची हिरवी असतील, तर बहुतेक वेळा खताची कमतरता असते. आपली जांभी जमीन पावसात धुऊन निघते, नत्र-पालाश टिकत नाही. नवी पालवीच फिकट किंवा वाकडी येत असेल तर रस शोषणारी कीड, विषाणू किंवा मुळांचं दुखणं. एकच फांदी वाळली आणि बाकी झाड ठणठणीत असेल तर त्या फांदीच्या बुडाशी भोक, डिंक किंवा भुसा शोधा. सगळं झाड एकदम मलूल झालं तर खोड आणि मुळं तपासा.

मग डाग बघा. बुरशीचे डाग हळूहळू पसरत जातात, कडा गडद असते, पावसाळी हवेत वाढतात. किडीने खाल्लेलं असेल तर कातरलेली कड, विष्ठा, जाळी, चिकटा यांतलं काहीतरी सापडतंच. आणि शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडांवरही त्याच दिवसांत तेच दिसत असेल, तर रोगापेक्षा हवा, पाणी किंवा कुणीतरी मारलेलं तणनाशक यांच्यावर संशय घ्या. गडग्यावरचं गवत मारायला उडवलेलं तणनाशक वाऱ्याने पपईवर आलं की पानं वेडीवाकडी होतात आणि सगळे ‘व्हायरस आला’ म्हणत बसतात.

आंब्याच्या पानांची टोकं भाजल्यासारखी होतात. हाच करपा का?

टोकापासून सुरू होऊन कडेकडेने आत सरकणारा, सरळ रेषेत तुटल्यासारखा वाळका पट्टा असेल तर नव्हे. ते क्षाराचं काम आहे. खाडीकाठच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळ पाणी येतं, ते कलमाला दिलं की असं होतं. समुद्रासमोरच्या बाजूचीच पानं जळाली असतील तर खारं वारं. माडाला मीठ मानवतं, त्याला त्यातला क्लोरीन उपयोगीही पडतो, पण म्हणून तोच पाहुणचार आंब्याचा करू नये. आंब्याला पालाश द्यायचं तर क्लोरीन असलेल्या म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश द्या, गोडं पाणी द्या, आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन करा.

खरा करपा पानभर विखुरलेल्या तपकिरी-काळ्या ठिपक्यांनी येतो. ठिपके एकमेकांत मिसळतात आणि वाळलेला भाग गळून पानाला भोकं पडतात. कोवळ्या, तांबूस पालवीवर तो सगळ्यात लवकर येतो.

दरवर्षी मोहोर भरघोस येतो आणि काळा पडून गळतो. काय करावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मोहोर जाळणारे तिघे असतात आणि तिघांवरचं औषध वेगवेगळं आहे. त्यामुळे ‘मोहोराचं औषध द्या’ असं दुकानदाराला सांगणं म्हणजे पैसे पाण्यात.

पहिले तुडतुडे. मोहोराखाली उभं राहून फांदी हलवा. तोंडावर बारीक टपटप झाली, पाचरीच्या आकाराचे करडे किडे तिरके उडाले, की ओळख पटली. ते मोहोराचा रस शोषतात आणि चिकट गोड थेंब टाकतात. आपल्याकडे ‘खार पडला’ म्हणतात ते हेच. झाडाखाली ठेवलेल्या स्कूटरची सीट सकाळी चिकट लागते. त्या चिकट्यावर मग काजळी धरते आणि पानं-मोहोर काळे दिसू लागतात. ही काळी बुरशी पानाच्या वरच राहते, बोटाने पुसली जाते. म्हणून काजळीवर बुरशीनाशक मारून उपयोग नाही, तुडतुडा आवरायला हवा.

दुसरी भुरी. मोहोराच्या दांड्यांवर आणि फुलांवर पांढरी पूड भुरभुरल्यासारखी दिसते. रात्री थंड, सकाळी दव आणि दिवसा ऊन अशा दिवसांत ती झपाट्याने पसरते. पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक १० लिटर पाण्याला २० ग्रॅम हे जुनं आणि स्वस्त औषध अजूनही चालतं. ते भर दुपारच्या उन्हात मारू नका, मोहोर भाजतो. ५ टक्के हेक्झाकोनॅझोल १० लिटरला ५ मिली हा दुसरा पर्याय.

तिसरा करपा. मोहोराच्या दांड्यावर काळे लांबट डाग पडतात, फुलं काळी होऊन सुकतात, वाटाण्याएवढी फळं गळतात. ढगाळ हवा, धुकं किंवा जानेवारी-फेब्रुवारीतला अवकाळी शिडकावा झाला की दोन-तीन दिवसांत हा दिसतो. अशा पावसानंतर थांबू नये. कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब यांचं तयार मिश्रण १० लिटरला १० ग्रॅम वापरतात.

तुडतुड्यांसाठी कीटकनाशक मारायचंच तर बोंगे फुटत असताना, फुलं उमलण्याआधी. पूर्ण फुललेल्या मोहोरावर मारलं की माश्या आणि मधमाश्या मरतात आणि मोहोर राखूनही फळ धरत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं आंब्याचं फवारणी वेळापत्रक असतं. त्यातली औषधं बदलत राहतात, म्हणून चालू वर्षाचंच कृषी सहायकाकडून मागून घ्या.

पण परसातल्या कलमाला खरी गरज असते ती उन्हाची. आधाराला म्हणून घराच्या भिंतीलगत लावलेलं, चारी बाजूंनी माड-फणसांनी वेढलेलं कलम म्हणजे तुडतुड्यांचं आजोळ. फळं उतरल्यावर, पाऊस जोर धरण्याआधी, मधल्या एक-दोन फांद्या काढून झाडाच्या पोटात ऊन जाऊ द्या. त्याने फवारण्यांची गरज जितकी कमी होते तितकी महागड्या औषधानेही होत नाही. ‘फळती फांदी कशी तोडू’ म्हणून हात आखडतो खरा, पण सावलीतली ती आतली फांदी तशीही फळत नसते.

उंच रायवळाला फवारणीच्या फंदात पडू नका. त्याचं तो बघतो.

आंबे काढताना स्वच्छ होते, अढीत काळे पडले. का?

करप्याची बुरशी कैरी लहान असतानाच सालीत शिरून गप्प बसते आणि फळ पिकताना जागी होते. देठाकडून काळपट, मऊ वर्तुळ वाढत गेलं तर ती देठकूज. दोन्हींवर उपाय झाडावरच करावा लागतो: वाळक्या काटक्या, सुकलेले मोहोराचे दांडे आणि झाडावर लटकून राहिलेली काळी फळं काढून टाकणं.

काढणीही महत्त्वाची. फळ देठासकट उतरवा, पाचेक सेंटिमीटर देठ राहू द्या. विद्यापीठाने काढलेलं नूतन झेला हे आंबे उतरवायचं साधन याच कामाचं आहे. झोडपून पाडलेल्या फळावर चीक सांडतो, साल भाजते आणि तिथूनच सड सुरू होते. काढल्यावर ५० ते ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं बुडवून सुकवली तर करपा बराच आटोक्यात राहतो. तापमापक नसेल तर करू नका, आंबा शिजेल.

कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो. औषध कुठलं?

कुठलंच नाही. तो साका. रोग नव्हे, हापूसच्या अंगचा दोष. बाहेरून कळत नाही. फळ झाडावर पूर्ण पिकू देण्याऐवजी ऐंशी-पंच्याऐंशी टक्के तयार झाल्यावर उतरवलं आणि उतरवलेली फळं उन्हात, तापलेल्या कातळावर ठेवली नाहीत तर प्रमाण घटतं.

पिकल्या आंब्यात अळ्या! पेरूतही तेच.

फळमाशी. मादी सालीत भोक पाडून अंडी घालते, अळ्या गर खातात, फळ गळतं, अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि पुन्हा माश्या वर येतात. साखळी तुटते ती मातीत. म्हणून गळलेलं प्रत्येक फळ रोज उचला आणि दीड-दोन फूट खोल पुरा, किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस उन्हात टाका. उकिरड्यावर फेकलं तर तुम्ही माश्या पाळताय. झाडाखालची माती अधूनमधून चाळवली की कोष उघडे पडतात, मग कोंबड्या बघून घेतात.

दापोलीच्या विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा मिळाला तर एप्रिलच्या आधीच टांगा. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर येतात, फक्त नर. मादीला नर मिळाला नाही की अंडी वांझ. पण शेजारच्या चार परसांत गळलेली फळं कुजत असतील तर एकट्याच्या सापळ्याने काय होणार? वाडीने मिळून लावले तर फरक दिसतो. पेरूला मात्र फळ लिंबाएवढं असतानाच कागदी किंवा कापडी पिशवी बांधणं सगळ्यात सोपं.

कलमाच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडतोय.

आज बघितलात तर आजच कामाला लागा. ही भिरूड, म्हणजे खोडकिड्याची अळी. बुंध्यावर ओलसर, तांबूस-काळपट चीक ओघळलेला असतो आणि त्याखाली लाकडाच्या तुसांचा छोटा ढीग. ढिगाच्या वर, सालीच्या फटीत भोक सापडतं. तिथली सैल साल पटाशीने किंवा सुरीने उकला. आत भुशाने गच्च भरलेला बोगदा दिसेल, तो मोकळा करत जा. भुसा कोरडा, जुना असेल तर अळी पुढे गेली आहे. ओला, ताजा लागला की जवळच आहे. टोकाला आकडा केलेली सायकलच्या स्पोकसारखी तार बोगद्यात घालून फिरवत बाहेर ओढा. बोटाएवढी जाड, पिवळट पांढरी, तपकिरी डोक्याची अळी निघते. तारेला नुसता पांढरा चीक लागला तरी काम झालं.

अळी हाताला लागलीच नाही, तर पेट्रोलात बुडवलेला कापसाचा बोळा बोगद्यात सारून तोंड चिखलाने लिंपा. (विडी बाजूला ठेवून.) आठवड्याने परत बघा. नवा भुसा नसेल तर उकललेल्या जागेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याची, कृती पुढे आहे) लावून टाका. काजूलाही बुंध्याशी आणि मुळांशी अशीच अळी लागते, तिथे डिंकासोबत भुसा येतो. पानं पिवळी पडेपर्यंत वाट पाहिलीत तर काजू वाचत नाही. मेलेला काजू वर्षानुवर्षं उभा ठेवू नका, त्यातूनच किडे पुढच्या झाडावर जातात.

फांद्या शेंड्याकडून वाळत खाली येतात.

फांदीमर. वाळक्या भागाच्या खाली चार-सहा इंच हिरव्या लाकडात तिरका छेद घेऊन कापा. छेदात लाकूड तपकिरी दिसलं तर अजून खाली. कापलेल्या तोंडावर बोर्डो पेस्ट. कापणी कोरड्या दिवशी करा आणि पुढच्या झाडाला लावण्याआधी करवत स्पिरिटने पुसा. पावसात कापलेली फांदी म्हणजे बुरशीला उघडं दार.

बोर्डो मिश्रण घरी कसं करायचं?

फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षांवर १८८५ च्या सुमारास मिलार्डे या शास्त्रज्ञाने हे पुढे आणलं. अजूनही पावसाळी मुलखात याच्याइतकं भरवशाचं आणि स्वस्त औषध परसाला दुसरं नाही.

एक टक्क्याच्या १० लिटर मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना घ्या. मोरचूद बारीक कुटून प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, मोरचूद ते खातो. चुना दुसऱ्या बादलीत थोड्या पाण्यात फोडा, निवू द्या, मग पाणी घालून ५ लिटर करा आणि फडक्यातून गाळा. आता मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात बारीक धारेने ओतत काठीने सतत ढवळा. उलट करू नका. रंग सुरेख आकाशी यायला हवा.

मग एक घासून चकचकीत केलेला खिळा त्यात मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, पानं जळतील. थोडं चुन्याचं पाणी घालून परत तपासा. खिळा स्वच्छ निघेपर्यंत. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही. फवारल्यावर काही तास तरी उघडीप हवी.

पेस्ट म्हणजे हेच, फक्त दाट: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना आणि १ लिटर पाणी. ब्रशने लावायची. खोडाला चुना-काव फासतात ते दिसायला छान, पण ती पेस्टची जागा घेत नाही.

माडाचा मधला कोंब पिवळा पडून वाकलाय.

ओढून बघा. सहज हातात आला आणि बुडाशी घाण वास असेल तर कोंबकूज. पावसाळ्यातला हा सगळ्यात वाईट रोग, कारण माडाला वाढीचं टोक एकच असतं. ते गेलं की माड गेला. बाजूची झापं कितीतरी दिवस हिरवी राहतात आणि आपण फसतो.

लवकर सापडलं तर पाडेल्याला वर चढवून कुजलेला सगळा भाग धारदार कोयत्याने पांढरा, निरोगी गाभा लागेपर्यंत काढायला सांगा. त्यावर बोर्डो पेस्ट लावा आणि पाणी शिरणार नाही असं प्लास्टिक सैलसर बांधा. नवा कोंब येईपर्यंत ते राहू द्या. काढलेला घाणेरडा भाग झाडाखाली टाकू नका, जाळा. जवळपासच्या माडांच्या शेंड्यात त्याच दिवशी एक टक्का बोर्डो ओता किंवा फवारा. लहान, पाच-सात वर्षांचे माड याला जास्त बळी पडतात. जिथे एकदा हा रोग आला तिथे दरवर्षी मिरगाआधी शेंडा साफ करून बोर्डोची फवारणी चुकवू नये.

झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसतात. हाही रोग?

नाही, तो गेंड्या भुंगा. न उमललेला कोंब तो कुरतडतो आणि ते पान उघडलं की पंख्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. कोंबाच्या बुडाशी भोक आणि चावलेल्या तंतूंचा चोथा असतो. आकड्याच्या तारेने भुंगा ओढून काढा आणि वरच्या पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू मिसळून भरा. डांबरगोळ्या ठेवून वाळूने झाकल्या तरी चालतं.

पण त्याचा पाळणा तुमच्याच शेणखड्ड्यात आहे. खड्डा उकरलात की अर्धगोल वळलेल्या, मळकट पांढऱ्या, जाडजूड अळ्या निघतात. त्या वेचून कोंबड्यांपुढे टाका. मेटारायझियम ही बुरशी शेणखतात मिसळली की त्या अळ्या रोगाने मरतात. कुजकी माडाची खोडंही आवारात ठेवू नका.

सोंड्या भुंगा याहून घातकी. तो जखमेतून शिरतो. खोडावर भोकं, त्यातून तपकिरी पातळ रस आणि कान लावला तर आत कुरकुर. म्हणून चढायला सोयीचं म्हणून माडाला खाचा पाडू नका आणि हिरवी झावळी खोडाला घासून तोडू नका.

नारळांवर तपकिरी, खरबरीत पट्टे पडून ते लहान राहतात.

इरिओफाईड कोळी. डोळ्याला न दिसणारा, देठाकडच्या टोपीखाली राहून कोवळ्या फळाचा रस शोषणारा. टोपीखालून आधी फिकट त्रिकोणी चट्टा डोकावतो, पुढे तो तपकिरी होऊन तडकतो. भारतात १९९८ मध्ये केरळात पहिल्यांदा दिसला आणि किनारा धरून वर आला. नारळ खायला चालतो, फक्त लहान आणि सोलायला वैताग.

मुळातून औषध देण्याचा प्रकार घरच्या घरी करू नका, शहाळं कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. माडाला दरवर्षी शेणखत आणि ५ किलो निंबोळी पेंड द्या, पोयी (माडाचा फुलोरा) आणि फळांवर कडुनिंबाचं तयार औषध मारा, गळलेली फळं गोळा करून जाळा. पूर्ण जात नाही. सुसह्य होतो.

माडाखालची केळी, पेरू, तुळससुद्धा काळीकुट्ट झाली!

वर बघा. झापांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणाच्या गोल गोल रांगोळ्या असतील तर ती चक्राकार पांढरी माशी. भारतात २०१६ मध्ये दक्षिणेत सापडली, नंतर आपल्याकडे आली. तिच्या चिकट्यावर काजळी धरते. दिसायला भयानक, पण माड सहसा मरत नाही. इथे घाईने कीटकनाशक मारणं हीच चूक, कारण या माशीला आतून पोखरणारी एन्कार्शिया ही इवलीशी गांधीलमाशी आधी मरते. खालच्या झाडांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा, पिवळे चिकट सापळे लावा, अगदीच वाढली तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारा. मोठा पाऊस पडला की निम्मी धुऊन जाते.

पोफळीची कोवळी सुपारी पावसात सगळी गळते.

कोळे रोग. देठाजवळ पाण्याने भिजल्यासारखा गडद हिरवा डाग पडतो, फळ गळतं आणि जमिनीवर त्यावर पांढरी लव येते. पावसाच्या तोंडावर घडांवर एक टक्का बोर्डो आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून दुसरी फवारणी. घड थोडेच असतील तर पावसाआधी त्यांच्यावर प्लास्टिक बांधणं जास्त खात्रीचं. गळलेली फळं उचला.

फणसाच्या कुयऱ्या काळ्या पडून गळतात.

बहुतेक त्या कुयऱ्या नसतातच. फणसाला नर आणि मादी कणसं वेगळी येतात. नर कणसं बारीक, गुळगुळीत, फांद्यांच्या टोकांना. पराग उडाला की ती काळी होऊन, बुरशी धरून गळणारच. खोडावरची, जाड देठाची, काटेरी कुयरी काळी पडली तर ती फळकूज, ती काढून लांब टाका.

काजूची पालवी आणि मोहोर भाजल्यासारखा वाळतो.

ढेकण्या. कोवळ्या दांड्यावर सोंड खुपसतो, तिथे काळा डाग आणि चिकाचा थेंब येतो. पाऊस संपून पालवी फुटली की सुरू होतो, फेब्रुवारीपर्यंत त्रास देतो. झाडावर लाल ओंबील असेल तर ती राहू द्या. चावते, शिव्या देववते, पण ढेकण्याला टिकू देत नाही. फवारायचंच तर ५ टक्के लॅम्बडा सायहॅलोथ्रिन १० लिटरला ६ मिली, पालवी फुटताना.

केळीची पानं शेंड्याला गुच्छ होऊन उभी राहतात. पपईची पानं आक्रसली आहेत. औषध?

दोन्ही विषाणू, दोन्ही माव्यातून पसरतात, दोन्हींवर औषध नाही. केळीचा पर्णगुच्छ झालेलं झाड गड्ड्यासकट खणून काढा, त्याचे मुनवे कुणाला देऊ नका. बेटातला एखादा मुनवा चांगला दिसतो म्हणून ठेवण्याचा मोह होतो, तोही आजारीच असतो. पपईवर गोल कड्यांचे डाग आले तरी फळ खाण्यात धोका नाही, गोडी मात्र जाते. तेवढी फळं खाऊन झाड काढा.

लिंबावर खरजेसारखे डाग आहेत.

खैऱ्या. जिवाणूंचा रोग, पावसाच्या शिंतोड्यांनी आणि नागअळीने केलेल्या जखमांतून पसरतो. डागाळलेल्या काटक्या मे महिन्यात छाटून जाळा, बोर्डो फवारा. रस चांगलाच असतो, लोणच्याला लिंबू दिसायला बरं नसतं इतकंच.

आंब्यावर वेगळ्याच पानांचं झाड उगवलंय.

बांडगूळ. फुलटोचे पक्षी फळ खातात आणि चिकट बी फांदीला पुसून जातात. नुसती पानं ओरबाडून काही होत नाही, त्याची मुळं लाकडात असतात. जिथे चिकटलंय त्याच्या फूटभर खाली फांदीच कापा. मुख्य फांदीवर असेल तर गाठ तासून पेस्ट लावा. बांडगुळाला फळं धरण्याआधी कापलं तर पुढच्या दहा झाडांचं काम वाचतं. वाडीत बांडगुळाने भरलेला एक बेवारस आंबा असतोच, त्याच्या मालकाशी बोला.

खोडावर पांढरे-हिरवे चट्टे आणि शेवाळ?

दगडफूल आणि शेवाळ. सोडून द्या.

ताक, गोमूत्र, राख, हळद यांचा उपयोग होतो का?

साबणाच्या पाण्याने पिठ्या ढेकूण आणि मावा नक्की कमी होतो. राखेने पालाश मिळतं, बुरशी जात नाही. आंबट ताकाने भुरी थोडी दबल्याचं लोक सांगतात, लहान झाडावर करून बघायला हरकत नाही. कोंबकूज आणि भिरूड यांच्यावर यातलं काही करत बसू नका, तेवढ्यात झाड जातं.

आम्ही मुंबईला असतो. गावी जाणं शिमगा, मे आणि गणपतीलाच. तेवढ्यात काय जमेल?

बरंच. शिमग्याला सापळे टांगा आणि बुंधे तपासा. मेमध्ये आंबे उतरल्यावर वाळक्या फांद्या आणि बांडगूळ काढा, माडाचे शेंडे साफ करून घ्या, निघण्याआधी बोर्डो मारा, आळ्यांतून पाणी बाहेर जाईल असे चर काढा. गणपतीला माडांचे कोंब खालून नीट बघा आणि पाडेल्याला आगाऊ सांगून ठेवा, त्या दिवसांत तो मिळणं कठीण. मोहोराच्या वेळी मात्र तुम्ही तिथे नसता. एखादी फवारणी जाणत्या माणसाकडून करून घ्या आणि त्याने काय मारलं ती बाटली ठेवायला सांगा.

फवारल्यावर फळ किती दिवसांनी खायचं? विहिरीचं काय?

प्रत्येक औषधाच्या लेबलवर काढणीपूर्वीचा कालावधी लिहिलेला असतो, तो पाळा. लेबल नसलेली, सुटी बाटलीतली पूड-औषधं घेऊच नका. फवारणीच्या दिवशी विहीर झाका, कोंबड्या कोंडा, वाळत घातलेले आंबोशी-आमसुलं आत घ्या. पंप विहिरीवर किंवा पऱ्ह्यात (ओढ्यात) धुऊ नका.

एवढं करूनही कळलं नाही तर कुणाला दाखवायचं?

गावच्या कृषी सहायकाला आधी. माडासाठी रत्नागिरीजवळ भाट्ये इथे नारळ संशोधन केंद्र आहे, आंबा-काजूसाठी वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, सुपारीसाठी श्रीवर्धन आणि सगळ्यांसाठी दापोली. नमुना नेताना पूर्ण वाळलेलं पान नेऊ नका, त्यावर काही कळत नाही. अर्धं आजारी, अर्धं निरोगी असं पान किंवा डहाळी वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ते वाटेतच कुजतं. सोबत पूर्ण झाडाचा, बुंध्याचा आणि डागाचा जवळून काढलेला फोटो असू द्या, आणि आधी कुठलं औषध मारलं असेल तर त्याची बाटली किंवा पाकीट.